रोमन देवीची ओटी

आन्याच्या भाषणाला वन्संना घेऊन जायचं ही कल्पना माझी नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात काहीही बिनसलं की शेवटी "सुवर्णाच म्हणाली होती" यावर गाडी येऊन थांबते. ठरवलं ते जगन्नाथनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. त्याची मोठी बहीण, रत्ना, कराडहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीत एडिसनला आली होती. नोव्हेंबर चालू होता आणि डिसेंबरात ती परत जाणार होती. भाची मोठमोठ्या प्रोफेसरांसमोर उभी राहून बोलताना बहिणीनं बघावी, अशी त्याची फार इच्छा. वन्संना इंग्रजीचा गंध नाही. पण कळलं नाही तरी बघेल, असं त्याचं म्हणणं, आणि भावानं एकदा असं म्हटल्यावर वहिनीनं काय बोलायचं?

तेव्हा सकाळीच डबे बांधून आम्ही तिच्या युनिव्हर्सिटीच्या गावाच्या, पेनसिल्वेनियातल्या स्टेट कॉलेजच्या वाटेला लागलो. जगन्नाथ गाडी चालवत होता, मी शेजारी, वन्सं मागे. शालीवर कोट, कोटावर मफलर आणि पायात आन्याचे जुने बर्फातले बूट.

आन्या आमची एकुलती एक. जन्मली, वाढली एडिसनमध्येच. माझ्या मैत्रिणींच्या मुली डॉक्टर झाल्या, फार्मसीत गेल्या, एकीनं तर वॉल स्ट्रीट गाठली. आमची कन्या स्टेट कॉलेजला जाऊन रोमन लोकांचे दगड उकरायला शिकली. सुरुवातीला मी लोकांना नुसतं "पीएचडी करते" एवढंच सांगायची, आणि कशात असं कुणी विचारलं की चहाचं बघायला उठायची. लाज वाटायची असं नाही, पण समजावून सांगायचा कंटाळा यायचा. खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटायची.

ती लाज गेली त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. आन्या उन्हाळाभर जिथं खोदकाम करते ते स्पेनमधलं गाव बघायला वन्संसकट आम्ही तिघंही गेलो. समुद्राकाठचं, टेकडीवर चढत गेलेलं जुनं गाव. खाली अगदी लाटांच्या तोंडाशी रोमन लोकांचं गोल मैदान, चहूबाजूंनी दगडी पायऱ्या. वर गावात जावं तर जुन्या तटाला टेकून घरं बांधलेली, आणि दोन हजार वर्षांच्या भिंतीला खिळे ठोकून बायकांनी धुणं वाळत घातलेलं. मला ते गाव फार आवडलं. इतकं जुनं आणि तरी त्याचा कुणी बाऊ करत नव्हतं. आन्या पुढं पुढं चालत आम्हांला एकेक दाखवत होती. उन्हानं काळी झालेली, खिशात ब्रश, दुकानदारांशी खडाखडा स्पॅनिश बोलणारी. ही मुलगी आपली आहे हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं.

तिचं मुख्य काम बंदराजवळ होतं. पत्र्याच्या शेडखाली एका लहानशा देवळाचा चौथरा सापडला होता आणि त्यावर एका देवीची पावलं. बाकी मूर्ती कुठं गेली कोण जाणे. उरले होते ते फक्त दोन संगमरवरी पाय आणि त्यांच्यावर उतरलेला वस्त्राचा घोळ. आन्यानं आम्हांला समजावलं की रोमन मूर्ती आज पांढऱ्या दिसतात, पण त्या काळी त्या रंगवलेल्या असायच्या. रंग उडून गेला. कुठं एखाद्या खाचेत, चुणीत कणभर राहिला असेल तर तो शोधायचा, हाच तिचा प्रबंध. म्हणून त्या पायांना कुणी बोट लावायचं नाही, ती स्वतःही हातमोज्यांशिवाय लावत नाही, असं तिनं सांगितलं. इंग्रजीत सांगितलं. मी ऐकलं, जगन्नाथनं ऐकलं.

ऑक्टोबरात तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती की हसत होती तेच मला आधी कळेना. सप्टेंबरात अंधार करून, खास दिवा लावून काढलेल्या फोटोंत देवीच्या बोटांच्या बेचक्यात आणि वस्त्राच्या चुणीत रंग दिसला होता. लाल आणि पिवळा. तिचे प्रोफेसर म्हणाले, असं वर्षानुवर्षांत एखाद्यालाच मिळतं. रंगाचा नमुना प्रयोगशाळेकडे जाईल आणि मग पक्कं कळेल, पण त्याआधी नोव्हेंबरात एका मोठ्या म्युझियमची बाई युनिव्हर्सिटीत येणार होती. तिच्यापुढं आन्यानं हे मांडायचं. बाईला पसंत पडलं तर त्या म्युझियममध्ये दोन वर्षांची जागा, आणि अशी जागा म्हणजे पुढची सगळी वाट मोकळी. यावेळी मात्र मी ओक ट्री रोडवर, आपल्या लोकांच्या बाजारात, भेटेल त्याला थांबवून सांगितलं.

तर पेनसिल्वेनियात शिरल्यावर, बोडक्या झाडांच्या डोंगरांतून गाडी चाललेली असताना, वन्संनी मागून विचारलं की पोरगी आज नक्की कशावर बोलणार. मी मान वळवून त्यांना सांगितलं. ते देवीचे पाय आठवतात ना, त्यांच्यावर तिला रंग सापडला. दोन हजार वर्षांपूर्वीचा, लाल आणि पिवळा.

"सापडणारच की," वन्सं म्हणाल्या. "मीच लावलंय."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण वन्सं गंमत करत नाहीत. त्यांनी अगदी मायेनं, काही लपवायचं असतं याची कल्पनाच नसल्यासारखं, सगळं सांगितलं. निघायच्या दिवशी आम्ही दोघं ते गोल मैदान बघायला गेलो होतो. गुडघे दुखतात म्हणून वन्सं शेडच्या सावलीत बसून राहिल्या होत्या. आन्या आणि तिची मंडळी जेवायला गेलेली. पोर ज्या गावात परक्यासारखी राहते, काम करते, तिथल्या देवीची ओटी भरायची हे त्यांनी कराडहून निघतानाच मनात धरलेलं होतं. खण, तांदूळ, खोबऱ्याची वाटी आणि हळदकुंकू पिशवीतून सगळीकडे हिंडत होतंच. आणि इथं तर देवीची पावलंच होती, पादुका. त्यांनी बाटलीतल्या पाण्यानं पाय धुतले, हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली, नमस्कार केला. मग आन्याला धूळसुद्धा चालत नाही हे आठवून पदरानं नीट टिपून घेतलं. खण आणि खोबरं तिथं झाडणाऱ्या बाईला दिलं. तिनं घेतलं, वर यांच्या गालाचा मुका घेतला. तांदूळ चिमण्यांनी खाल्ले.

"पोरीला यश दे म्हटलं," वन्सं म्हणाल्या. "दिलं बघ."

जगन्नाथनं आरशातून बहिणीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पोर तिकडं भरल्या सभेत दोन हजार वर्षांपूर्वीचा रंग म्हणून आमच्या घरचं हळदकुंकू दाखवणार होती. उद्या प्रयोगशाळेचं उत्तर येणार आणि त्यात हळद निघणार. लोक हसले तर ते परवडलं. पण हिंदुस्थानी पोरीच्या देवीवर हळद निघाली की हिनंच फासली म्हणायला कितीसा वेळ लागतो?

मी फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला, पुन्हा बंद. बोलण्याआधी ती फोन बंद करून ठेवते हे मला ठाऊक होतं, तरी मी लावतच राहिले.

जगन्नाथचं मत वेगळं पडलं. तो औषधाच्या कंपनीत आकडेवारी बघतो, त्याला सगळं टप्प्याटप्प्यानं लागतं. आत्ता सांगितलंस तर ती उभी राहू शकणार नाही, असं त्याचं म्हणणं. तिला बोलू दे, जागा मिळू दे, मग शांतपणे सांगू. प्राथमिक निष्कर्ष चुकतात, सगळ्यांचेच चुकतात, त्यात नाक कापलं जात नाही. मी म्हटलं, तुझ्या कंपनीत जात नसेल. आम्ही दोघं इंग्रजीत भांडायला लागलो, वन्संना कळू नये म्हणून, आणि नेमकं त्यामुळेच त्यांना कळलं की काहीतरी त्यांच्याबद्दल चाललंय. त्यांनी मफलर सोडला, परत गुंडाळला आणि अगदी हळू विचारलं, "जगू, माझं काही चुकलं का रे?"

जगन्नाथ म्हणाला, नाही ताई. मला वन्संचा राग आला होता, चांगलाच आला होता. जिथं जाल तिथं कुंकवाचा करंडा कशाला काढायचा? आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की त्या परक्या गावात आमच्यापैकी कुणीच पोरीसाठी काही मागितलं नव्हतं. आम्ही फोटो काढत होतो. मागितलं ते एकट्या वन्संनी. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, पण गणपती करायला बसल्या होत्या त्या एकट्याच.

पुढं रस्त्यात एक मालट्रक आडवा झाला होता. गाड्यांची रांग डोंगराच्या वळणापर्यंत लागलेली. बारीक बर्फ भुरभुरायला लागलं. जगन्नाथ स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता, मी फोन लावत होते, आणि मागून वन्सं डब्यातल्या दशम्या पुढं करत होत्या. मी एकदा नको म्हटलं, दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा ओरडले. त्यांनी डबा बंद केला.

पोचलो तेव्हा सभागृहात माणसं शिरायला लागली होती. जगन्नाथला गाडी लावायला आणि वन्संना जागेवर बसवायला सांगून मी सुटले. जिन्यातून, व्हरांड्यातून, दारांवरच्या पाट्या वाचत. आन्या एका रिकाम्या वर्गात सापडली. काळी पँट, काळा कोट, समोर लॅपटॉप. ओठ हलत होते, पाठ म्हणत होती. मला पाहून हसली. मी दार लावून घेतलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ओटी, पाणी, हळद, कुंकू, पदर, झाडणारी बाई. लॅब, रिपोर्ट, नाचक्की. अजून वेळ गेलेली नाही, तो फोटो काढून टाक, बाकीचं बोल.

तिचा चेहरा पडेल, ती खुर्चीत बसेल, रडेल, याची मी तयारी केली होती. तिनं फक्त लॅपटॉप मिटला.

"आय नो, आई," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"फोटोनंतर दुसऱ्या दिवशी मी तो फोल्ड क्लीन करत होते," ती म्हणाली. "तिथे राइसचा एक दाणा होता. यलो झालेला. मी तो काढला. कुणाला सांगितलं नाही."

मग ती भरभर बोलायला लागली, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. त्या अंधारात दिवा लावला आणि रंग उजळला तेव्हा सगळी टीम ओरडली होती. प्रोफेसरांनी तिचा खांदा धरला होता. चार उन्हाळे ती त्या शेडमध्ये गुडघ्यांवर बसली, हाती काही लागलं नव्हतं. दाणा सापडल्यावर वाटलं, आत्याच्या हळदीखाली खरा रंगही असेल. कशावरून नसेल? मग रोज वाटत गेलं की आज सांगू, उद्या सांगू, आणि तेवढ्यात म्युझियमच्या बाईचं ठरलं. मी प्रयोगशाळेचं विचारलं. नमुना पाठवलेलाच नाही, तिच्याच टेबलाच्या खणात आहे, असं तिनं सांगितलं. जागा मिळाली की काहीतरी करून निस्तरता येईल.

मी इतका वेळ तिला एका चुकीतून वाचवायला धावत होते. चूक नव्हतीच. माझा हात उचलला गेला. लहानपणीही मी तिला कधी मारलं नाही. तो हात मी पर्सच्या पट्ट्याला घट्ट धरून ठेवला.

"तू खोटं बोलणार आहेस," मी म्हटलं.

"तू काही करू नकोस, प्लीज," ती म्हणाली. "जस्ट सिट देअर. फॉर मी."

तेवढ्यात दार उघडून तिचे प्रोफेसर आले. उंच, पांढऱ्या दाढीचे, भला माणूस. माझे दोन्ही हात हातांत घेऊन ते म्हणाले की अशी विद्यार्थिनी नशिबानं मिळते, तुम्हांला अभिमान वाटत असेल. मी थँक यू म्हटलं. दुसरं काय म्हणायचं असतं? आन्यानं लॅपटॉप उचलला आणि माझ्याकडे न बघता त्यांच्याबरोबर गेली.

सभागृहात वन्संना जगन्नाथनं पुढच्याच रांगेत बसवलं होतं, कडेच्या खुर्चीवर. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. जगन्नाथनं पलीकडून कानाशी येऊन विचारलं, सांगितलंस का? मी मान हलवली. मग काय म्हणाली? मी पडद्याकडे बोट केलं. म्युझियमची बाई आमच्या पलीकडच्या रांगेत होती, बारीक, चांदीच्या रंगाचे केस, मांडीवर वही.

दिवे मंद झाले. पडद्यावर ते गाव आलं. समुद्र, पायऱ्यांचं गोल मैदान, तटाला लागलेलं धुणं. आन्या छान बोलत होती. आवाज स्थिर, मध्येच एखादी कोपरखळी, लोक हसत होते. मला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी पुढच्या चित्राची वाट बघत होते. उठून सांगून टाकावं का? आईनं उठून सांगितलं तर पोरीचं काय राहील? न सांगता बसले तर माझं काय राहील? बंदर आलं. शेड आली. चौथरा आला.

मग पडदा काळा झाला आणि त्या काळोखात दोन पाय उजळले. बोटांच्या बेचक्यांत लाल. चुणीत पिवळं, सोन्यासारखं. मागून कुणीतरी श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. म्युझियमच्या बाईनं वहीवर टेकवलेलं पेन उचललं.

शेजारी हालचाल झाली म्हणून मी पाहिलं. वन्सं वाकून बूट काढत होत्या. मी त्यांचा हात धरला, त्यांनी तो हलकेच सोडवला. दोन्ही बूट खुर्चीखाली सारून त्या नुसत्या मोज्यांवर उभ्या राहिल्या, शाल डोक्यावरून घेतली आणि भिंतीएवढ्या झालेल्या त्या पावलांना हात जोडले. डोळे मिटून. पुढच्या रांगेत, सगळ्यांच्या समोर. पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता. पोरीला यश दिल्याबद्दल त्या देवीचे आभार मानत होत्या, हे कळणारे त्या खोलीत फक्त तिघं होतो, मी, जगन्नाथ आणि आन्या.

आन्या बोलायची थांबली.

लोकांना वाटलं असेल, वाक्य आठवत नाहीये. प्रोफेसर थोडे पुढं वाकले. ती वन्संकडे बघत होती. तिच्या गळ्याजवळची शीर उडताना मला बसल्या जागेवरून दिसली. मी मनात नुसतं नाव घेत होते, देवाचं की तिचं ते मला आता सांगता येणार नाही.

"धिस इज नॉट रोमन," आन्या म्हणाली.

मग हळूहळू, एकेक वाक्य सुटं करत तिनं सांगितलं. हा रंग गेल्या ऑगस्टमधला आहे. ही समोर उभी आहे ती माझी आत्या आहे, तिनं माझ्यासाठी पूजा केली. मला हे सप्टेंबरपासून माहीत आहे. मी लपवलं. आत्यानं काही लपवलेलं नाही, तिला कुणी विचारलंच नव्हतं. नमुना माझ्या खणात आहे. आय ॲम सॉरी.

प्रोफेसरांनी चष्मा काढून हातात धरला. म्युझियमच्या बाईनं वही मिटली आणि पेन पर्समध्ये ठेवलं, अगदी शांतपणे, घरी निघताना ठेवतात तसं. जगन्नाथ खाली मान घालून आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. पोरीचं सगळं गेलं होतं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की मला माझीच भीती वाटली. आन्या तिथंच उभी होती. पळाली नाही, रडली नाही.

वन्संनी डोळे उघडले. सगळं सभागृह आपल्याकडे बघतंय हे त्यांच्या लक्षात आलं तशा त्या ओशाळून खाली बसल्या आणि पायानं बूट चाचपायला लागल्या.

"काय म्हणाली गं ती?" त्यांनी माझ्या कानाशी विचारलं. "मध्येच आत्या म्हणाल्यासारखं वाटलं."

"हो," मी म्हटलं. "तुमचं नाव घेतलं तिनं. सगळ्यांना सांगितलं, तुम्ही ओटी भरली ते."

"वेडी कुठली," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी खुशीत शाल सावरली. "एवढ्या मोठ्या लोकांत माझं कशाला सांगायचं?"